आमच्या घरातली विशेषणं

४ फेब्रुवारी

ताई,

पाकीट फोडलंस की आधी ती प्लास्टिकची नळी बाहेर काढ. नळीवर एक रेघ आहे. त्या रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण घट्ट लावायचं आणि सोबतच्या डबीत घालून वरच्या पत्त्यावर पाठवून द्यायचं. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. ही अट तुला जड जायला नको.

हा टोमणा होता. खोडणार होतो, पण खोडाखोड केलेलं तुला कधीच खपलं नाही, म्हणून राहू दे.

मी तुझा धाकटा. बाबा गेले त्या आठवड्यात तू भरल्या ताटावरून उठलीस, बॅग घेतलीस आणि गेलीस. मी दारापर्यंत मागे आलो होतो, तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. असो. भांडायला लिहीत नाहीये. तुझा फोन लागत नाही. पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या बाईंचं डोकं खाऊन खाऊन मिळवला. आधी म्हणाल्या, असा पत्ता देता येत नाही. मग म्हणाल्या, तुम्ही खरंच भाऊ का? मी म्हटलं, असं विचारताय म्हणजे तिनं भाऊ आहे हे सांगितलंच नसणार.

तर ऐक. माझी टिकली आठवते ना? तू पाहिलीस तेव्हा दुधाचे दात पडत होते तिचे. आता कॉलेजात आहे, एकोणीस पूर्ण झाली. आणि ती जेवत नाही. जेवत नाही म्हणजे सफरचंदाच्या इतक्या बारीक फोडी करते की तास घालवते, आणि उठते तेव्हा बशीत जवळजवळ तेवढ्याच असतात. दिवसभर जिना वर-खाली करते. घरात स्वेटर घालून बसते. तिची आई बाथरूममध्ये नळ सोडून रडते, आणि मला वाटतं तिला वाटतं की मला कळत नाही.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "हा हट्ट नाही, आजार आहे. या आजारात माणसं जातात. नाडी इतकी मंद आहे की मी हिला आजच वॉर्डात ठेवेन." पण पोरगी सज्ञान. तिनं हो म्हटल्याशिवाय भरती करता येत नाही, अगदी शेवटच्या थराला गेल्याशिवाय. आणि तो शेवटचा थर कुठला ते मी विचारलं नाही. टिकली म्हणते, "मला काही झालेलं नाही. मी आत्यावर गेलेय."

म्हणजे तुझ्यावर. म्हणून नळी.

डॉक्टरीणबाईंच्या हॉस्पिटलात एक मोठा अभ्यास चाललाय. हे आजार घराण्यातून कसे उतरतात ते शोधतायत, त्यासाठी अख्ख्या घराची थुंकी लागते. माझी दिली, बायकोची दिली. आई म्हणाली, "जन्मभर पोरांना सांगितलं थुंकू नका, आणि आता या वयात मला थुंकायला लावतायत." दिली तिनंही, पण तोंड फिरवून. तुझी राहिली.

बाकी तुझं बरं चाललं असेल.

धाकटा


१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. वाटलंच होतं. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही, आणि हल्ली तर बसणाऱ्यातलाच नाही. हे पत्रही वर्कशॉपमध्ये उभ्यानं लिहितोय. समोर एका दुकानदाराचा काटा उघडा पडलाय, तो दोनदा फोन करून ओरडून झालाय.

तुला माझं काम आठवतंय की नाही कोण जाणे. मी अजून वजनकाटेच दुरुस्त करतो. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे. पेटीतली पितळी वजनं काट्यावर ठेवायची, आकडा जुळला की सही करून शिक्का मारायचा. जुळला तरी मी पुन्हा ठेवून बघतो. मग पुन्हा. दुकानाबाहेर पडलो की परत आत जातो. लोक हसतात, पण शहरात माझ्याइतका काटेकोर माणूस नाही, असंही तेच म्हणतात.

काल काय झालं ते सांगायचंय. त्या अभ्यासातली एक मुलगी आहे, घराण्याची माहिती घेणारी. लहानशी आहे, वीस-बावीसची वाटते, पण चांगली शिकलेली. तिनं कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाया. मग विचारलं, "काका, घरात कुणाला मनाचा आजार? खाण्याचा? झोपेचा?"

मी म्हटलं, छे. आमच्या घरात तसलं काही नाही. सगळे ठणठणीत.

ती म्हणाली, "बरं, मग एकेकाबद्दल नुसतं सांगा. कसे होते?"

मी सांगत सुटलो. आजी विरक्त होती, तिची अन्नावरची वासनाच उडाली होती, शेवटी काडी झाली होती. बाबांची बहीण, आमची आत्या, हळवी, सहा-सहा महिने अंथरुणातून उठायची नाही. मधले काका लहरी, कधी घर रंगवायला काढायचे तर कधी विकायला. बाबा काटेकोर. मी काटेकोर. आणि मोठी बहीण चोखंदळ, तिला कुणाच्या हातचं पटकन चालत नाही.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, तुमच्या घरात सगळ्यांना विशेषणं आहेत. आजार कुणालाच नाही."

ताई, मला तोंडात मारल्यासारखं झालं. आधी राग आला. म्हटलं, ही कालची पोर आमच्या आजीला वेडी ठरवणार? पण जिना उतरताना मी तीच विशेषणं पुन्हा मोजत होतो. चोखंदळ. हा शब्द आपण किती कौतुकानं वापरला. तुला भाजीवाला चोखंदळ म्हणायचा. तू शाळेत चक्कर येऊन पडलीस तेव्हा आईनं मास्तरांना हेच सांगितलं, "चोखंदळ आहे हो फार, डबा आवडला नसेल." आणि टिकली हे ऐकत मोठी झाली. तिच्या लेखी चोखंदळ आत्या म्हणजे घरातली सगळ्यात दिमाखदार बाई. सडपातळ, एकटी राहणारी, कुणापुढे हात न पसरणारी. तुझा एक फोटो तिच्या आरशाला लावलेला आहे. मी तो रोज बघत होतो.

घरी येऊन आईला विचारलं. तिनं हातातलं निवडण बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नुसत्या पाण्यावर होत्या. शेजारीपाजारी नको ते बोलायचे. मी ठरवलं, या घरातल्या कुणाला नावं ठेवायची नाहीत, आणि कुणाला ठेवू द्यायची नाहीत." म्हणजे बघ. तिनं कुणाला नावं ठेवली नाहीत, म्हणून आजाराला नावच मिळालं नाही. मी तिच्यावर आवाज चढवला. आता ती माझ्याशी बोलत नाही. एक तू बोलत नाहीस, एक ती.

आणि हे बाबांच्या बाजूनं आलंय, म्हणजे माझ्यातून पुढे गेलंय. डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझ्यात कुठं आहे, मी तर चांगला जेवतो? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक कुठलं जनुक नसतं. शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात, एकेकीचा जोर नगण्य. कुणात त्या काळजी होऊन बाहेर पडतात, कुणात कुलूप दहादा ओढून बघणं, कुणात उदासी, कुणात भूक मारणं. काही तर मनाच्या नसतातच, शरीर अन्न कसं जाळतं त्याच्या असतात. पुष्कळ जणांच्या रक्तात असतं आणि काहीच होत नाही. मी म्हटलं, समजलं, चिमूटभर वजनं आहेत, एकेकट्यानं काटा हलत नाही. त्या म्हणाल्या, "हो, आणि पारडं झुकायला बाहेरूनही काहीतरी पडावं लागतं."

बाहेरून काय पडलं, ते मी विचारतच बसलोय स्वतःला.

नळी पाठव.

धाकटा


२० फेब्रुवारी

ताई,

नळी गेली खड्ड्यात. हे वाच.

दर बुधवारी टिकलीचं दवाखान्यात वजन होतं. गेल्या बुधवारी एकदम सव्वा किलो वाढलेलं. तिची आई नर्सच्या गळ्यात पडली. मीही खूश झालो, कशाला खोटं बोलू. पण घरी येताना रिक्षात ती शेजारी बसली होती, आणि तिचं मनगट बघून मला तो आकडा पटेना. इतकी वर्षं हेच करतोय, मला आकडा पटला नाही की झोप लागत नाही.

गुरुवारी सकाळी दवाखाना उघडताच पेटी घेऊन गेलो. नर्सला म्हटलं, काट्यात गडबड आहे. तिनं काट्यावरचा शिक्का दाखवला. माझाच. गेल्या महिन्यात मीच तपासलेला काटा. तरी म्हटलं, बघू दे. पेटी उघडली, तर अर्ध्या किलोची दोन वजनं जागेवर नाहीत. पाव किलोचं एक नाही. मखमलीत नुसते गोल खळगे.

ताई, पहिला विचार काय आला माहितीये? की मी ती कुठल्या तरी दुकानात विसरलो. मी, जो दहादा मोजतो. दोन दुकानांत जाऊन त्यांच्याशी भांडूनही आलो. तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर बेरीज झाली. सव्वा किलो.

घरी गेलो. ती खिडकीपाशी उभी होती, ती कधी बसत नाही. मी नुसता हात पुढे केला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि स्वेटरच्या आत हात घातला. पोटाला पट्टी बांधली होती, माझ्या गुडघ्याची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायला बोलावतील या भीतीनं तिनं ती सोडलीच नव्हती. तिन्ही वजनं काढून माझ्या हातावर ठेवली. गरम होती.

मला ओरडता आलं नाही. मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे किती खूश झालात ते बघितलंत ना?" मग म्हणाली, "नाहीतर तसंही रक्तातच आहे म्हणतात ना तुमचे डॉक्टर. मग मी काय करू शकते? तुम्ही काय करू शकता?" घ्या. जे ऐकून माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, तेच तिनं अंगावर पांघरून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तिला परोपरीनं सांगितलं, रक्तात कल असतो, निकाल नसतो, बऱ्या होणाऱ्या पुष्कळ आहेत. ती मान डोलावते. आणि मग म्हणते, "आत्याला कुठं काय झालं? ती तर मस्त आहे."

डॉक्टरीणबाईंना मी रागारागानं विचारलं होतं, या थुंकीचा माझ्या पोरीला काय उपयोग? त्या खरं बोलल्या. म्हणाल्या, "तिला काहीच नाही. कदाचित अजून वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या पोरीला." म्हणून म्हणतोय, नळी गेली खड्ड्यात. मला तुझी थुंकी नकोय. मला तू हवी आहेस. आठवडा नाही, एक दुपार. तिच्यासमोर बस आणि तू कशी आहेस ते सांग. तू खरंच मस्त असशील तर मस्त आहे म्हण, मी हात जोडेन आणि तुला स्टेशनवर सोडून येईन. पण तू तशी नाहीस असं मला वाटतंय. आणि असं वाटलं की मला घरात पाय ठरत नाही, मी रस्त्यावर जाऊन चालत सुटतो.

हॉस्पिटलात एक खाट तिच्यासाठी धरून ठेवलीय. फार दिवस ठेवणार नाहीत.

धाकटा


२६ फेब्रुवारी

ताई,

दवाखान्यातून फोन आला की तुझी नळी पोचली. अगदी रेघेपर्यंत भरलेली, ना कमी ना जास्त. सोबत चिठ्ठी? नाही. एक ओळ? नाही. धन्य आहे तुझी. सख्ख्या भावाला थुंकी पाठवलीस आणि शब्द पाठवला नाहीस.

चिडून लिहितोय, पण फोन ठेवल्यावर जिन्यात बसून रडलो, तेही लिहितो. तू झाकण लावलंस, डबी बांधलीस, टपालात टाकलीस. म्हणजे पत्रं वाचतेस.

टिकलीची आज शुद्ध हरपली, आरशासमोर. थोडाच वेळ. तिनं उठून पहिली गोष्ट काय केली असेल तर मला सांगितलं, आईला सांगू नका. तिच्या आईनं सगळं बघितलं होतं. दारातच उभी होती ती.

ये गं.

धाकटा


९ मार्च

ताई,

नीट पोचलीस ना? गाडीत काही खाल्लंस का, हे विचारणार होतो. नाही विचारत.

तू आलीस, हे मला अजून खरं वाटत नाही. दार उघडलं तेव्हा मी तुला ओळखलं नाही. मला वाटलं, कुणाची तरी आजी चुकून आलीय. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी तू. टिकलीनं मात्र लगेच ओळखलं, आणि तिचा चेहरा कसा पडला ते तू पाहिलंस की नाही कोण जाणे. आरशाला लावलेली बाई ती ही नव्हे, हे तिला दिसलं. आई उठून आत गेली, ते तुझा राग म्हणून नव्हे. आत जाऊन ती भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "इतकी कशी झाली रे ही, मला कुणी सांगितलं का नाही?"

तुम्ही दार लावून बसलात. मी ऐकलं. लाज वाटते, पण ऐकलं. तू म्हणालीस, हाडं ठिसूळ झालीत, मनगट दोनदा मोडलं. चारचौघांत जेवता येत नाही म्हणून नोकऱ्या बदलल्या. बाबा गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर आई सगळ्यांना कौतुकानं सांगत होती, आमची मोठी चोखंदळ, आणि तुझ्या ताटात वाढत होती, तेव्हा तुला जीव नकोसा झाला. मी इतकी वर्षं समजत होतो की तू आम्हाला टाकून गेलीस.

टिकली म्हणाली, "पण तू बरी झालीस ना, आत्या?"

तू म्हणालीस, "नाही गं. मी फक्त मेले नाही."

आणि मग आमची पोरगी, जिचा आवाज हल्ली खोलीबाहेर येत नाही, ती खणखणीत म्हणाली, "मग तू का नाही जात दवाखान्यात?"

"माझं आता वय झालं."

"म्हणजे मी वय होईपर्यंत थांबू?"

ताई, तू यावर काय म्हणशील याची मी दाराला कान लावून वाट बघत होतो. शेवटी अगदी हळू म्हणालीस, "जाईन." ती म्हणाली, "तू सोमवारी जा. मी पण सोमवारी जाते. एकाच दिवशी." तू हो म्हणालीस. मी ऐकलं. तुला नाही म्हणता येणार नाही.

सोमवारी तिनं सही केली. अक्षर वाकडंतिकडं, पण केली. वॉर्डात खाटेवर बसली आणि म्हणाली, "आत्याही आत्ता बसली असेल."

तिकडचं कळव.

धाकटा


१७ मार्च

ताई,

टिकली रोज एकच विचारते. आत्या गेली का. सकाळी नाडी बघायच्या आधी विचारते, दुधाचा पेला समोर आला की विचारते. पहिले दोन दिवस मी म्हटलं, असेलच गेली. तिसऱ्या दिवशी तिनं पेला सरकवून दिला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला नक्की माहिती नाही." तिला माझा स्वभाव माहितीये. नक्की माहिती असलेला मी वेगळा बोलतो.

मग मी तुझ्या शहरातल्या दवाखान्यांना फोन केले. कुणी सांगेना, सांगत नसतात म्हणे. काल तुझ्या आताच्या ऑफिसात फोन केला. कुणीतरी बाई होत्या. म्हणाल्या, "हो, आल्यात ना, टेबलावरच आहेत, देऊ का?" मी फोन ठेवला.

तू गेली नाहीस.

मी तुला शिव्या घालणार होतो. दिवसभर मनातल्या मनात घातल्या. वर्कशॉपमध्ये एक काटा उघडून तसाच सोडून बाहेर पडलो, हे माझ्या हातून कधी झालेलं नाही. चालता चालता वाटलं, ती एकटी कशी जाईल? टिकलीबरोबर तिची आई होती, मी होतो, पिशवी धरायला दोघं. तू इतकी वर्षं एकटीनं सगळं केलंस, आणि हे एक एकटीनं होत नाही. तुला घाबरलेलं मी कधी बघितलेलं नाही म्हणून तू घाबरत नसशील असं थोडंच आहे?

संध्याकाळी वॉर्डात गेलो. पेला समोर होता. टिकलीनं विचारलं, आत्या गेली का? मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, हो, गेली. सोमवारीच गेली, तिथल्या नर्सशी बोललो मी. असं नक्की बोललो की तिनं परत विचारलं नाही. तिनं पेला उचलला. मधे दोनदा ठेवला, पण संपवला. नर्सनं लिहून घेतलं. मी जन्मात कुठल्या खोट्या वजनावर सही केलेली नाही, ताई, आणि हे मी माझ्या पोरीच्या तोंडावर केलं. पुन्हा करायला लागलं तर पुन्हा करेन.

पण ती हुशार आहे. फार दिवस चालणार नाही हे.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तुझ्या शहरातल्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टर बाईंशी बोलून घेतलंय. वय-बिय काही नसतं म्हणाल्या, तुझ्याहून मोठ्या बायका येतात. आईला सांगितलं, तर ती आत गेली आणि स्वतःची पिशवी भरायला लागली. मी म्हटलं, तू कुठं निघालीस या वयात? म्हणाली, "तिला भरती करताना आई नको का बरोबर?"

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतोय. ऑफिसात रजा टाक. दोन गाऊन, चष्मा आणि चपला पिशवीत भरून ठेव. आणि दार आतून लावून बसू नकोस, आईला जिन्यावर फार वेळ उभं राहवत नाही.

धाकटा